अत्तराची बाटली आणि एक जिवाणू

विसरण शिकवताना वर्गात अत्तराची बाटली उघडायची आणि मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला की 'पाहा, रेणू पसरले' असे म्हणायचे, हा आपल्याकडचा जुना प्रघात आहे. मला असेच शिकवले गेले आणि पुढे कित्येक वर्षे मीही तसेच सांगत आलो. हॉवर्ड बर्ग यांचे 'रँडम वॉक्स इन बायॉलॉजी' हे पुस्तक हाती आले, तेव्हा त्यातले पहिलेच सूत्र अत्तराला लावून पाहिले आणि ओशाळलो. रेणू जेव्हा इकडेतिकडे धक्के खात पसरतो, तेव्हा त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेतला विसरण-गुणांक सेकंदाला ०.१ चौ. सें.मी. धरला, तर पाच मीटरवरच्या बाकापर्यंत निव्वळ विसरणाने वास पोचायला सुमारे दोन आठवडे लागतील! तो मिनिटा-दोन मिनिटांत पोचतो, कारण वर्गात वारा असतो, पंखा असतो, मुलांच्या अंगाची ऊब असते. प्रयोग वाऱ्याचा, नाव मात्र विसरणाचे.

मग विसरण कोठे चालते? जिवाणूच्या जगात. पाण्यात लहान रेणूचा विसरण-गुणांक हवेतल्यापेक्षा दहा हजार पटींनी कमी असतो. तरीही एक मायक्रॉन अंतर, म्हणजे जिवाणूची रुंदी, तो अर्ध्या मिलिसेकंदात पार करतो. तोच एक सेंटिमीटर जायला चौदा तास घेईल. आपल्याला हृदय आणि रक्तवाहिन्या का लागतात आणि जिवाणूला का लागत नाहीत, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. जेमतेम दीडशे पानांच्या या पुस्तकाची (प्रिन्स्टन, १९८३, वाढीव आवृत्ती १९९३) खरी ताकद अशा ठिकाणी दिसते.

बर्ग (१९३४–२०२१) मूळचे जीवशास्त्रातले नव्हेत. हार्वर्डला नॉर्मन रॅमसे यांच्या हाताखाली हायड्रोजन मेसरवर काम करून त्यांनी १९६४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अणूंच्या कंपनांची अतिसूक्ष्म मोजमापे करण्याची सवय त्यांनी ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूकडे वळवली आणि मग जवळजवळ पन्नास वर्षे त्याला सोडले नाही. पोहणारा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली क्षणात दृष्टीआड होतो. बर्ग यांनी युक्ती अशी केली, की जिवाणू जिकडे सरकेल त्याच्या उलट पाण्याची कुपी आपोआप सरकावी. जिवाणू नजरेसमोर स्थिर राहतो आणि कुपीच्या हालचालीची नोंद हाच त्याचा मार्ग ठरतो. हे यंत्र त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढच्याच वर्षी डग्लस ब्राउन यांच्यासह त्याचे फलित 'नेचर'मध्ये आले. जिवाणू साधारण एक सेकंद सरळ पोहतो, दशांश सेकंद गटांगळी खातो आणि भलत्याच दिशेने पुन्हा निघतो. अन्नाकडे तोंड वळवणे त्याला जमत नाही. परिस्थिती सुधारत असेल तर तो सरळ पोहणे लांबवतो, एवढेच. बिघडत असेल तरी गटांगळी फारशी लवकर येत नाही! हे मला सगळ्यांत मोहक वाटते. इतक्या थोड्या 'शहाणपणा'वर तो अन्नापर्यंत पोचतो.

१९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी कशाभिका लाटेसारखी वळवळत नसून स्क्रूसारखी फिरते, असे मांडले, तेही मुख्यतः आधीच उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी कशाभिका काचेला चिकटवून टाकली, तेव्हा जिवाणूचे धडच गरगर फिरू लागले. १९७७ मध्ये एडवर्ड पर्सेल यांच्याबरोबर बर्ग यांनी दाखवले, की रेणू टिपणाऱ्या ग्राही जागांनी पृष्ठभागाचा हजारावा भाग व्यापला, तरी जिवाणू शक्य तेवढ्या रेणूंपैकी निम्मे टिपू शकतो. एकदा जवळ आलेला रेणू धक्के खात पुनःपुन्हा पृष्ठभागावर आदळत राहतो, त्यामुळे एक जागा हुकली तर दुसरी सापडते.

आता तक्रारी. पहिली, पुस्तक फार घाईत आहे. नाणेफेकीवरून निघालेला वाचक थोड्याच पानांत विकलक समीकरणांत सापडतो. मधली पायरी लेखकाने गृहीत धरली आहे. दुसरी अधिक गंभीर आहे. वाचणाऱ्याला वाटावे की कागद-पेन्सिल आणि थोडे भौतिकशास्त्र यांवर जिवाणू उलगडला. प्रत्यक्षात मॅडिसनच्या ज्युलियस अॅडलर यांनी १९६० च्या दशकात उत्परिवर्तित वाण वेगळे काढून ठेवले नसते, तर हा जिवाणू कशाचा 'वास' घेतो हेच कळायला फार उशीर झाला असता. बर्ग यांनी अॅडलर यांचाच वाण वापरला. 'भौतिकशास्त्रज्ञ आला आणि त्याने जीवशास्त्र सोडवले' ही दंतकथा या कामाला लागू पडत नाही, पण पुस्तक तिला नकळत हातभार लावते.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. डॉक्टर व्हायचे म्हणून जीवशास्त्र घेणारी मुले आपल्याकडे अकरावीत गणिताला रामराम ठोकतात, आणि गणितवाली मुले जीवशास्त्राला; त्यांना तसा सल्ला देणारे अनेकदा आपणच असतो. बर्ग यांच्यासारखा माणूस या पद्धतीतून निघणे कठीण आहे. अॅडलर यांच्यासारखाही कठीणच आहे, कारण त्यांनी निष्कर्ष मोजून काढले होते.

शाळेच्या ग्रंथालयासाठी एकच पुस्तक मागवायचे असेल तर मी बर्ग यांचे 'ई. कोलाय इन मोशन' (२००४) सुचवीन. त्यात प्राणी आहे, प्रयोग आहेत, माणसेही आहेत. 'रँडम वॉक्स'चे पहिले प्रकरण मात्र शिक्षकांनी स्वतःसाठी वाचावे. वर्गात त्यातले सूत्रच पुरे: अंतराचा वर्ग, भागिले विसरण-गुणांकाची दुप्पट. नववीची मुले दहा मिनिटांत अत्तराचा हिशेब करतात. पंखा बंद करून पाहू या का, असे कोणीतरी विचारतेच.