‘आभासी’ व्यायाम : एका संज्ञेची चिकित्सा

आखडलेल्या खांद्याच्या पुनर्वसनात डोळ्यांवर दृश्ययंत्र चढवून करावयाच्या व्यायामास ‘आभासी वास्तवातील व्यायाम’ म्हणतात. ही संज्ञा सदोष आहे. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी रूढ केलेल्या इंग्रजी संज्ञेतील ‘व्हर्च्युअल’ म्हणजे परिणामाने तसाच. आपला ‘आभास’ हा हेत्वाभास, रसाभास यांच्या कुळातला, खोटेपणाचा सूचक. वस्तुतः येथे भासमान असते ते केवळ दृश्य. त्यातील फळ तोडण्यास उचललेला हात खरा, सांध्यात उठणारी कळही खरी. मात्र खेळातील गुणांवरून सांध्याची प्रगती ठरवू नये. खांदा न उचलता धड कलवूनही फळ हाती लागते. प्रगती कोनमापकानेच मोजावी. म्हणून ‘आभासी’ हे विशेषण दृश्यापुरतेच राखावे. अन्यथा रुग्ण खऱ्या कष्टास खेळ आणि गुणांस आरोग्य समजेल.