कॅसलिंग काढून टाकलं तर?

२०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबिआनो कारुआना बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी बारा डाव खेळले आणि बाराही बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. नियम बदला, अशी ओरड पुन्हा सुरू झाली. ओरड जुनीच. शंभर वर्षांपूर्वी जगज्जेता कापाब्लांकाला बरोबरीच्या डावांची हीच धास्ती वाटली, तेव्हा त्याने दहा बाय आठ घरांचा पट आणि दोन नवी मोहरी सुचवली. लोकांनी ऐकून घेतलं आणि जुनाच पट मांडला. तरी नियम कुणी देवाने घालून दिलेले नाहीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वजीर एकच घर तिरका सरकत असे. स्पेनकडे त्याला आजची ताकद मिळाली आणि खेळाचा वेग पालटला.

बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्सला मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची सूचना केली. एकूण ९६० मांडण्या. घोकलेल्या सुरुवातींचा त्यात निकाल लागतो, हे खरंच. पण कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) मात्र तसंच ठेवलं, आणि तिथे घोळ आहे. राजा बी-१ वर असला तरी एका झेपेत जी-१ वर जातो, हत्ती एफ-१ वर येतो. बघणाऱ्याला क्षणभर काहीच उमगत नाही. शिवाय पहिल्याच खेळीला दिग्गज घड्याळाकडे बघत चाचपडताना दिसतात. त्यांना त्यात मौज असेल, प्रेक्षकाच्या हाती फारसं काही लागत नाही.

व्लादिमिर क्रामनिकची कल्पना मला अधिक पटते: मांडणी तीच, फक्त कॅसलिंग बंद. डीपमाइंडच्या अल्फाझीरो या संगणक-प्रोग्रॅमकडून त्याने असे नऊ बदल तपासून घेतले. प्यादी बाजूला सरकवणे, आपलंच मोहरं मारणे असे चमत्कारिक प्रकारही त्यात होते. कॅसलिंगबंदीत राजा मधेच अडकतो. त्याला पायी पायी एफ-१, मग जी-२ गाठावं लागतं, तोवर कोपऱ्यातला हत्ती कोंडलेलाच. एवढ्या खेळ्यांत प्रतिस्पर्धी गप्प बसत नाही.

आपल्या देशी बुद्धिबळातही कॅसलिंग नव्हतं. राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. मात्र प्यादी पहिल्या खेळीलाही एकच घर चालत, म्हणून डाव रेंगाळायचा. मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला.

२०२१ मध्ये डॉर्टमुंडला आनंद आणि क्रामनिक कॅसलिंगविना चार डाव खेळले. आनंद २.५–१.५ ने जिंकला, पण तीन डाव बरोबरीतच सुटले!

दुसरा उपाय वेळेचा. नॉर्वेतल्या स्पर्धेत बरोबरी झाली की आर्मागेडन डाव होतो: काळ्याला वेळ कमी, पण बरोबरी त्याच्या खाती जमा. निकाल हमखास लागतो. तो बुद्धीचा की बोटांच्या चपळाईचा, याची मला शंका येते.

आणि २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन जगज्जेतेपदासाठी जुन्याच नियमांनी चौदा डाव खेळले, त्यांतले पाच निकाली. चौदाव्या डावात बरोबरी सहज मिळण्यासारखी असताना गुकेश प्यादं वर असल्याच्या जोरावर खेळत राहिला आणि ५५ व्या खेळीला डिंगने हत्तींची चुकीची अदलाबदल देऊ केली. फिशर, क्रामनिक कुणाचाच नियम इथे लागला नव्हता. तरीही कॅसलिंगबंदीला चार डावांवरून निकालात काढू नये; मोठ्या बक्षिसाची, तरुणांची, लांब पल्ल्याची स्पर्धा तिला एकदा मिळायला हवी. दोन माजी जगज्जेत्यांच्या मैत्रीपूर्ण लढतीत एवढी घासाघीस कोण करणार?