हंगेरियन वाद्यवृंदसंगीत

हंगेरीतील वाद्यवृंदरचना एकाच संगीतसभेत कालक्रमाने ऐकल्या, तर संगीतातील ‘हंगेरियनपणा’ ही कल्पनाच पिढीगणिक बदलत गेल्याचे प्रत्ययास येते. या वाद्यवृंदपरंपरेचा पाया फेरेंत्स एर्केल (१८१०–९३) याने १८५३ मध्ये स्थापिलेल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने घातला. त्या काळी राष्ट्रीय म्हणून मान्यता होती ती सैन्यभरतीच्या प्रसंगी नाचल्या जाणाऱ्या ‘व्हर्बुंकोश’ या नृत्याच्या संगीतास. त्याची संथ व द्रुत अशी दोन अंगे असत आणि ते वाजविणारे बहुधा जिप्सी असत. फेरेंत्स लिस्ट (१८११–८६) याच्या मूळ पियानोसाठी रचलेल्या व पुढे काही प्रमाणात वाद्यवृंदासाठी बांधलेल्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडीं’ना याच शैलीचा आधार आहे. तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद यांसोबत कोमल गंधार व कोमल धैवत घेणारी तिची स्वरावली कर्नाटक संगीतातील सिंहेंद्रमध्यम मेळाशी जुळते. हे संगीत मुळात जिप्सींचेच, असे मत लिस्टने १८५९ मधील ग्रंथात मांडले आणि मोठा वाद ओढवून घेतला.

बेला बार्टोक (१८८१–१९४५) व झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा निराळेच संगीत हाती आले. त्यातील जुन्या चाली पाच स्वरांच्या आहेत. सा, कोमल ग, म, प व कोमल नी हे त्यांचे स्वर धानी रागाचेच होत. पुष्कळ चालींचा उत्तरार्ध पूर्वार्धाचीच पुनरुक्ती पाच स्वर खाली उतरून करतो. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचा असा वाद्यवृंदीय आविष्कार अद्याप व्हावयाचा आहे.

बूडा, पेस्ट व ओबूडा ही शहरे एकत्र झाल्यास ५० वर्षे पूर्ण झाली म्हणून १९ नोव्हेंबर १९२३ रोजी बूडापेस्ट येथे झालेली संगीतसभा या इतिहासात निर्णायक ठरते. एर्नो दोहनान्यी (१८७७–१९६०) याच्या संचालनाखाली त्याची स्वतःची उत्सवी पूर्वपीठिका, कोदायचे ‘साल्मुस हुंगारिकुस’ व बार्टोकची ‘नृत्यमाला’ या रचना प्रथमच सादर झाल्या. १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला होता. अशा वेळी सरकारी समारंभासाठी लिहिलेल्या रचनेत बार्टोकने हंगेरियन ढंगाच्या शेजारी रूमानियन व अरबी ढंगही बसविले. यातील एकही चाल प्रत्यक्ष लोकगीतातून उचललेली नाही, सर्व त्याच्या स्वतःच्या आहेत. लोकसंगीताचे व्याकरण आत्मसात करून नवे वाक्य रचावे, तसा हा प्रकार होय. बूडापेस्टमध्ये तिचे स्वागत थंडपणे झाले. दोन वर्षांनी प्रागमध्ये मात्र ती गाजली.

लिस्टची वाट चुकीची होती, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. वर उल्लेखिलेल्या वाद्यवृंदाच्या ८० व्या वर्षासाठी लिहिलेल्या ‘गालांता नृत्यां’त (१९३३) खुद्द कोदाय व्हर्बुंकोशकडेच वळला आणि त्यातील क्लॅरिनेटची लांबलेली तान ऐकताना लिस्टची आठवण टाळता येत नाही. बार्टोकच्या अखेरच्या काळातील ‘कन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ची (१९४३) लोकप्रियता रास्त असली, तरी ‘नृत्यमाले’तील धारदारपणा तीत कमी आहे.

ग्यॉर्ग लिगेती (१९२३–२००६) याच्या ‘अॅट्मॉस्फिअर्स’मध्ये (१९६१) तर चाल नाही व ठेकाही नाही, केवळ स्वरांचे सावकाश रंग पालटणारे पुंजके आहेत. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर तो व्हिएन्नास निघून गेला होता. मुंबईत १९३५ मध्ये सिंफनी वाद्यवृंद स्थापन करणाऱ्या मेहली मेहतांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म १९३६) हे त्या वर्षी तेथेच शिकत होते. सहाध्यायांचा वाद्यवृंद घाईने जमवून त्यांनी शहराबाहेरील छावणीत हंगेरियन निर्वासितांसमोर संगीतसभा केली.