भेट कुणाच्या मळ्यात? : वेबकॉमिकमधील क्रॉसओव्हर आणि अरणची कथा

गेल्या वर्षी सोलापुरातल्या दोन तरुण चित्रकारांनी मला एक संहिता वाचायला दिली. दोघेही वेबकॉमिक, म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर हप्त्याहप्त्याने वाचायच्या चित्रमालिका काढतात. एकाचा नायक पूर्व भागातल्या यंत्रमागावर कांड्या भरणारा, तेलुगू वळणाची मराठी बोलणारा मुलगा. दुसरीची नायिका भुईकोट किल्ल्यातले भूत. ती कुणाला दिसत नाही, फक्त तिचा आवाज ऐकू येतो. या दोघांची एका कथेत गाठ घालून द्यायची, असा बेत होता. चौकटी 24; निम्म्या त्याच्या, निम्म्या तिच्या. मी वाचली आणि ‘छान आहे’ म्हणून मोकळा झालो. खरे तर मला काहीच वाटले नव्हते. का वाटले नाही, ते त्यांना सांगायचे राहून गेले. हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तराचा आहे.

आधी एक फरक नोंदवतो. ‘चिंटू’ ही मालिका 1991 पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने उभी केली. तिथे निर्माते दोन, पण जग एकच. क्रॉसओव्हरमध्ये निर्माते दोन आणि जगेही दोन. प्रत्येक जगाचे आपले नियम असतात : कोण मरू शकते, कोण कसे बोलते, विनोद कुठवर जातो. पात्रांची भेट होते तेव्हा या नियमांचीही टक्कर होते. समीक्षेने पाहायचे ते हेच, की त्या टकरीचे लेखकाने काय केले.

या प्रकारातले प्रसिद्ध उदाहरण 1976 चे. अमेरिकेतल्या डीसी आणि मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एका मोठ्या आकाराच्या पुस्तकात आणले. लेखन जेरी कॉनवे यांचे, रेखाटन रॉस अँड्रू यांचे. अडचण उघड होती. सुपरमॅनच्या एका फटक्यात स्पायडरमॅनची कथा संपली असती. म्हणून खलनायक लेक्स ल्युथर लाल सूर्याच्या किरणांनी स्पायडरमॅनला तात्पुरते बळ देतो, आणि झुंज बरोबरीची होते. युक्ती चतुर आहे. पण तिच्यामागे कथेच्या गरजेपेक्षा बरोबरीचा हिशेब मला अधिक दिसतो. दोघे भेटतात, गैरसमजातून लढतात, मग एकत्र येऊन जिंकतात आणि आपापल्या घरी जसेच्या तसे परततात. भेटीने कुणाचेच काही बिघडत नाही, म्हणून काही घडतही नाही.

वेबकॉमिकच्या जगात 1 एप्रिल 2008 ला वेगळी गंमत झाली. रँडल मन्रो यांचे ‘एक्सकेसीडी’, रायन नॉर्थ यांचे ‘डायनोसॉर कॉमिक्स’ आणि जेफ जॅक्स यांचे ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ या तीन मालिकांनी आपापल्या पत्त्यांची अदलाबदल केली. एकीच्या दारात गेलेल्या वाचकाला दुसरीच मालिका दिसे. इथे पात्रे भेटली नाहीत. पण एका दिवसापुरते का होईना, निर्मात्याने आपले घर दुसऱ्याच्या हवाली केले. मला ही कृती 1976 च्या पुस्तकाहून धाडसाची वाटते. कारण क्रॉसओव्हरचे मूळ यजमानपणात आहे.

यजमानपण म्हणजे काय, हे पाहायला मला सोलापूर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. माढा तालुक्यातल्या अरण गावी संत सावता माळी यांची समाधी आहे. त्यांची पारंपरिक कथा सर्वांना ठाऊक आहे. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून पंढरीला निघतात आणि लऊळपाशी थांबतात. त्यांना भेटायला विठ्ठल निघतो. सोबत ज्ञानेश्वर आणि नामदेव. वाटेत अरण लागते. देव दोघांना मागे ठेवून मळ्यात शिरतो आणि ‘मला लपव’ म्हणतो. सावता खुरप्याने छाती चिरून देवाला आत घेतात. मागून आलेले नामदेव देव दिसेना म्हणून रडू लागतात. शेवटी देव प्रकटतो आणि सारे कूर्मदासांकडे जातात.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून ही रचना पाहू. चार संतांच्या चार कथा इथे एकमेकींत शिरल्या आहेत आणि एकाचाही स्वभाव पुसलेला नाही. नामदेव लाडके आणि हळवेच राहतात. सावता मळा सोडत नाहीत. हत्यार म्हणून खुरपेच वापरतात. मात्र बरोबरी कुठेही नाही. मळा सावतांचा, म्हणून नियमही त्यांचा. देवाशी रोज बोलणाऱ्या नामदेवांना इथे देव सापडत नाही. पाहुण्याला काही गमवावे लागते आणि यजमानाला छाती चिरावी लागते. तरीही अरणची थोरवी गाणारी अभंगरचना परंपरेने नामदेवांच्याच नावावर आहे! आपल्या हरण्याची कथा जिथे घडली, त्या गावाची ती स्तुती आहे.

भेटीचा परिणामही टिकला. इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपूरला जातात. सावतांची पालखी जात नाही. पांडुरंगाची पालखी अरणला येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या कथा एका विठ्ठलाभोवती फिरतात, त्या पिढ्यान्‌पिढ्या घडल्या आणि त्यांवर कुणाची मालकी नव्हती. दोन स्वतंत्र निर्मात्यांपाशी असा सामाईक देव नसतो. हक्काचे, श्रेयाचे प्रश्न मात्र असतात. हे मान्य. म्हणूनच निम्म्यानिम्म्या चौकटींची वाटणी त्यांना सुरक्षित वाटते. पण हक्क समान असणे ही कराराची बाब आहे. कथेत दोघांना समान ठेवले, की कथा कराराची प्रत होते.

आता त्या संहितेतली उणीव मला नेमकी दिसते. दोघांची भेट एका बागेत होती, जी ना त्याची ना तिची. तिथे मुलाची तेलुगू वळणाची बोली गुळगुळीत प्रमाण मराठी झाली होती, आणि भूत चक्क दिसत होते. भेट सोपी व्हावी म्हणून दोघांनीही आपापली खूण दाराबाहेर ठेवली होती.

या दिवाळीआधी मी दोघांना बोलावून हे सांगितले. भेट मागाच्या शेडमध्ये ठेवा, असे सुचवले. खटखटाटात तिचा आवाज ऐकू जाणार नाही, आणि तिच्यापाशी तर आवाजाशिवाय काही नाही. ती काय करील? मुलगी लगेच म्हणाली, “सर, मग भेट किल्ल्यात का नको? हरायचं माझ्याच पात्रानं का?” मुलगा म्हणाला, “किल्ल्यात माझ्या पोराला काय काम?” अर्धा तास वाद चालला. चौकटी किती कुणाच्या, हा विषय त्यात एकदाही निघाला नाही.