कुंतीचे मौन आणि कर्णाचा हक्क

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती दत्तक आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक. फराळाची बशी बाजूला सारून ती म्हणाली, "सर, तुमच्या कादंबरीतल्या मुलाला आईचे नाव जुन्या ट्रंकेत सापडते. मला कचेरीने नाव सांगायला नकार दिला." मी निरुत्तर झालो. ती गेल्यावर कर्णाची कथा पुन्हा वाचायला घेतली.

कर्ण मराठी माणसाला घरचा वाटतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) त्याला घरोघर नेले. रणजित देसाईंनी आपल्या कादंबरीला 'राधेय' हे नाव देऊन सांभाळणाऱ्या आईचा मान राखला. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील कर्णावरच्या लेखाला 'मी कोण?' असे शीर्षक देऊन दुखण्यावर नेमके बोट ठेवले. तरीही पुस्तक मिटताना आपण वाचक बहुधा एकच म्हणतो : कुंतीने वेळीच का सांगितले नाही?

मला हा प्रश्न अपुरा वाटतो. कवचकुंडलांवरून कुंतीने भर रंगभूमीत मुलाला ओळखले आणि ती मूर्च्छित पडली. पण बोलली नाही. कर्णाला जन्म कळला तो युद्ध तोंडावर आल्यावर, प्रथम कृष्णाकडून आणि मग तिच्याकडून. दोघांनाही त्याला पांडवांकडे वळवायचे होते. सत्य त्याला मिळाले, पण हक्क म्हणून नव्हे, सौदा म्हणून. महाभारतातील खरा अन्याय मला तिथे दिसतो. पुढे तर्पणाच्या वेळी पांडवांना सारे कळले, तेव्हा युधिष्ठिराने समस्त स्त्रीजातीला शाप दिला की, तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. कुमारी मातेची भीती मात्र कोणी विचारली नाही.

आपल्या देशाच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीने ती विचारली आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला आपले मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान मुलाने दत्तक आईबापांसह करायचा. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही; म्हणजे कृष्णशिष्टाईला तिथे जागा नाही! मुलाच्या हक्काने जन्मदात्यांच्या खाजगीपणाला बाध येता कामा नये, असेही नियम सांगतो. पण जन्मदात्यांनी नकार दिला, किंवा ते सापडले नाहीत, तरी मूल कोणत्या कारणाने व परिस्थितीत सोपवले गेले, ते त्याला सांगितलेच पाहिजे. नाव झाकता येते. कारण झाकता येत नाही.

हा तोल मला शहाणपणाचा वाटतो. मात्र त्यात एक उणीव राहतेच. ज्याला कोणी रीतसर सोपवले नाही, जे नुसते सापडले, त्याचे कारण नोंदवणार कोण? अश्वनदीत सोडलेल्या पेटीत चिठ्ठी नव्हती. कर्ण नेमका तसाच मुलगा. आणि तिथे कायद्याचे हात रिकामे पडतात.

माझ्या विद्यार्थिनीला कारण तेवढे मिळाले आहे. ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "सर, ती माझ्यावर रागावलेली नव्हती, एवढे कळले." माझ्या कादंबरीतली ती ट्रंक मला आता खोटी वाटते. पुढची आवृत्ती निघाली, तर ते प्रकरण मी नव्याने लिहीन.