अकस्मात? रस्त्यावरच्या मरणाची आपली भाषा

संयोजकांनी मला फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "रस्ता." त्यांना वाटलं, मोक्षाचा. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक म्हटला की लोकांची तीच अपेक्षा असते. (हशा) मला एस. व्ही. रोड म्हणायचं होतं. एस. व्ही. रोड, लिंक रोड, आणि बोरीवली एका बाजूला नि राष्ट्रीय उद्यान दुसऱ्या बाजूला ठेवणारा आपला पश्चिम द्रुतगती महामार्ग.

मी वाहतूकतज्ज्ञ नाही. शब्द आणि कारणं, या दोनच गोष्टींवर मी आयुष्य काढलं. म्हणून आज मी समीक्षा करणार आहे ती एका मजकुराची. तो रोज छापून येतो, आतल्या पानावर, पाच-सहा ओळींचा. कुणीतरी रस्ता ओलांडत होतं, आणि मेलं. हा मजकूर आपण इतक्या वेळा वाचलाय, की तो कसा लिहिलाय हे बघायचं राहूनच जातं.

त्यातली क्रियापदं बघा. "चालकाचा गाडीवरील ताबा सुटला." मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. सोडायला कर्ता लागतो. सुटायला लागत नाही. दोर सुटतो, वारा सुटतो, तसा ताबा सुटतो. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी हाकणाऱ्या माणसाने काही केलंच नाही, त्याच्या हातून ते आपोआप निसटलं. आता दुसरं वाक्य: "वृद्ध ट्रकखाली आला." इथे कर्ता आहे! कोण? मेलेला माणूस. ट्रक जागच्या जागी उभा होता आणि हे आजोबा कुठूनतरी येऊन त्याच्या खाली शिरले, असं हे वाक्य सांगतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, मी वार्ताहरांना दोष देत नाहीये. भाषेची चाकोरीच तशी पडली आहे. जिवंत माणसाचं कर्तेपण काढून घ्यायचं आणि मेलेल्याच्या नावावर चढवायचं.

आणि मथळा? "काळाचा घाला." घाला म्हणजे दरोडेखोरांचा हल्ला. या दरोडेखोराला ना लायसन्स, ना नंबरप्लेट. ३१ ऑक्टोबर २०२२ ला, कार्तिकीसाठी कोल्हापूरकडून पायी पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनी इथे मोटार घुसली, सात वारकरी गेले. अशा बातमीवर हा मथळा हमखास चढतो, कारण तिथे विठ्ठल आहे, प्रारब्ध आहे, सगळी सामग्री तयार आहे. पण शेकडो वर्षं माणसं ज्या वाटेने चालत जातात, ती वाट आपण मोटारींच्या वेगासाठी गुळगुळीत केली आणि चालणाऱ्यांना त्याच डांबराच्या कडेवर ठेवलं, यात काळाने नेमकं काय केलं?

पोलीस ठाण्यातला शब्द आणखी मजेदार आहे. मजेदार म्हणू नये खरं तर. "अकस्मात मृत्यूची नोंद." संस्कृतात 'कस्मात्' म्हणजे कशामुळे. 'अकस्मात्' म्हणजे ज्याला 'कशामुळे' हा प्रश्नच लागू होत नाही असं. आपल्याकडे असं मानणारे लोक होते, की जगात गोष्टी अकस्मातच घडतात, कारण वगैरे काही नसतं. उदयनाचार्यांनी, म्हणजे साधारण दहाव्या-अकराव्या शतकात, 'न्यायकुसुमांजली'मध्ये या आकस्मिकवादाला उत्तर दिलंय. ग्रंथ ईश्वरसिद्धीचा आहे, पण युक्तिवाद आपल्या उपयोगाचा आहे. तो माझ्या शब्दांत सांगतो. एखादी गोष्ट खरोखर विनाकारण घडत असेल, तर ती केव्हाही आणि कुठेही घडायला हवी. पण ती तर कधी घडते, कधी घडत नाही. इथे घडते, तिथे नाही. ज्या अर्थी तिला विशिष्ट वेळ आणि विशिष्ट जागा आहे, त्या अर्थी तिला कारण आहे.

रस्त्यावरच्या मरणाला जागा आहे की नाही? आहे. सरकारच सांगतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या आहे: राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे पाचशे मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली. म्हणजे मरणाला पत्ता आहे, किलोमीटरच्या दगडासकट. मुंबईच्या अहवालांत पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग धोक्याच्या यादीत वर्षानुवर्षं वरच असतात. एका टेबलावरचा कागद म्हणतो 'अकस्मात', शेजारच्या टेबलावरचा म्हणतो 'याच ठिकाणी, पुन्हा पुन्हा'. दोन्हींवर सरकारचाच शिक्का. उदयनाचार्य असते तर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून शांत बसले असते.

आकडे मी फार देणार नाही, एकाच वर्षाचे देतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला नव्वद. मुंबईत हे प्रमाण आणखी वर जातं; इथे रस्त्यावर मरणाऱ्यांत जवळपास निम्मे चालणारे असतात. ज्यांच्याकडे गाडीच नाही, किंवा जे त्या क्षणी गाडीत नाहीत, असे.

सरकारी अहवालात कारणांचाही तक्ता असतो. त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचं कारण काय दिलंय? अतिवेग. इथे बहुतेकांचं समाधान होतं. चालक बेदरकार, विषय संपला. माझं होत नाही, कारण खरा प्रश्न इथून पुढे आहे. वेग आला कुठून?

आपल्या फिर्यादींमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, कोर्टात जाणाऱ्या मंडळींना पाठ असेल: "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून..." मला हे वाक्य फार आवडतं. चालकाने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष केलं, असा आरोप आहे. ठीक. पण फिर्याद लिहिणाऱ्याने तरी त्या परिस्थितीकडे लक्ष दिलं का? तिथे दिवा होता का? पट्टे पुसलेले होते का? फुटपाथ होता का, आणि असला तर त्यावर काय होतं? दोन सिग्नलांमध्ये अंतर किती? सरळ, रुंद, मोकळा रस्ता बांधायचा, म्हणजे पायाला सांगायचं 'दाब', आणि मग कडेला पाटी लावायची 'सावकाश'. माणूस पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीसने धडकलेली गाडी आणि साठने धडकलेली गाडी यांच्यात फरक दुपटीचा नसतो, चौपटीचा असतो. हे शाळेच्या विज्ञानात आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग काय चालकाला सोडून द्यायचं? अजिबात नाही. कार्टर रोडचं प्रकरण आठवा. नोव्हेंबर २००६, पहाटे, फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली... बघा, माझ्याही तोंडात 'आले' येत होतं. (हशा) गाडीने चिरडले. अ‍ॅलिस्टर परेरा याला सत्र न्यायालयाने हयगयीच्या कलमाखाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कर्त्याला कर्ता म्हणायला हा देश शिकतो आहे, हळूहळू.

पण शिक्षा कुणाला हा एक प्रश्न आहे, आणि उद्या पुन्हा कोण मरेल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं दिलं, असं आपण समजतो. नैयायिकांचा एक शब्द इथे कामाला येतो: सामग्री. घडा एका कुंभाराने होत नाही. माती, चाक, दंड, कुंभार अशी सगळी कारणसामग्री जुळावी लागते. यातलं एक काढा, घडा होत नाही. त्यांनी आणखी एक काळजी घेतली होती. माती वाहून आणणारं गाढवही घड्याच्या आधी तिथे हजर असतं, पण म्हणून ते घड्याचं कारण नव्हे. त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात.

आपल्या चर्चेत या गाढवाला फार मान आहे. "ती मोबाइलवर बोलत होती." "पुलावरून का नाही गेली?" मी असं म्हणत नाही की चालणारा कधीच चुकत नाही. पण ज्या जागी दर वर्षी माणूस मरतो, तिथे मोबाइल वेगळा, माणूस वेगळा, वेळ वेगळी. कायम काय आहे? रस्ता. म्हणजे कारण शोधायचं कुठे हे उघड आहे. आणि सामग्रीतलं एखादं अंग काढायचंच असेल, तर माणसाचा चुकण्याचा स्वभाव काढणं सोपं, की दुभाजकात थांबायला चार फूट जागा करणं सोपं? स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो' नावाचं धोरण स्वीकारलं, त्याचा गाभा एवढाच आहे. माणूस चुकणार हे धरून चाला, आणि चुकीची शिक्षा मरण असणार नाही असा रस्ता बांधा.

पुलाचं म्हणाल तर, मी सत्तरी ओलांडली आहे आणि माझ्या गुडघ्यांचं या विषयावर स्वतंत्र मत आहे. पादचारी पूल, स्कायवॉक हे पादचाऱ्यासाठी आहेत असं आपण म्हणतो. ते गाडीसाठी आहेत. गाडीला थांबायला लागू नये म्हणून माणसाने दोन मजले चढायचे. मेट्रो आल्यापासून महामार्गावर स्टेशनांच्या पुलांची सोय झाली, सरकते जिने आहेत, हे मान्य. पण ज्या बाईच्या एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल आहे, तिने पूल कुठे आहे हे शोधत लांब चालत जायचं, आणि गाडीतल्या माणसाने चाळीस सेकंदही थांबायचं नाही, ही वाटणी कुणी केली? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं होतं: फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आज घरी जाताना एक टेप घेऊन जा. स्टेशनपासून घरापर्यंत १.८ मीटर सलग कुठे मिळाले तर मला कळवा. फेरीवाल्यांवर सगळं ढकलू नका, डीपी, होर्डिंगचे खांब आणि पार्क केलेल्या स्कूटरीही मोजा.

या सगळ्यात कारणाचा विचार सर्वांत स्वच्छपणे केला तो अंधेरीच्या एका भाजीविक्रेत्याने. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यामुळे त्याचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. चारचौघांनी त्याची समजूत काढली असणार, 'एवढंच आयुष्य होतं.' या बापाने काय केलं? खडी आणि घमेलं घेतलं आणि मुंबईतले खड्डे बुजवायला लागला. वर्षानुवर्षं बुजवत राहिला. आपण त्याला हळहळून 'प्रेरणादायी' म्हणतो. मला त्यात तर्कशास्त्र दिसतं. त्याने 'अकस्मात' हा शब्द नाकारला. सामग्रीतलं एक अंग ओळखलं आणि हाताने काढलं. बाकीच्यांकडे खातं होतं, बजेट होतं, रोलर होते.

न्यायालयं आता त्या दिशेला येत आहेत. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयां यांच्या पीठाने, वापरण्याजोगा फुटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे असं म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये द्यायला सांगितले. रक्कम किती हा मुद्दा नाही. भरपाई द्यायची तर कुणीतरी द्यावी लागते, आणि काळाकडून ती वसूल करता येत नाही.

शब्द बदलल्याने काय होतं, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. हॉलंडचं सांगतो. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आज आपण त्यांच्या सायकलींचे फोटो बघतो आणि म्हणतो, त्यांची संस्कृतीच तशी. मुळीच नाही. तेव्हा तिथेही मोटारींसाठी घरं पाडत होते. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्यांनी चळवळीचं नाव काय ठेवलं? 'मुलांचे खून थांबवा.' नावात अपघात नव्हता. खून म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न येतो, कुणी केला? मग अभियंत्यांना, नगरपालिकांना, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. आज तिथला वर्षाचा आकडा सातशेच्या आसपास आहे. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नेही आपल्या पानांवर 'अ‍ॅक्सिडेंट' हा शब्द नको असं ठरवलं; जे बहुतेक वेळा आधी कळू शकतं आणि टाळता येतं त्याला अपघात कसं म्हणायचं, एवढाच त्यांचा मुद्दा. 'खून' हा शब्द आपण उचलावा असं मी म्हणणार नाही, तो माझ्या कानाला जास्त होतो. पण 'चालकाने धडक दिली', 'इथे क्रॉसिंग नव्हतं', 'या जागी दोन वर्षांतला हा तिसरा मृत्यू', ही वाक्यं सहा ओळींत बसतात. मी बसवून पाहिली आहेत.

आणि एक बोरीवलीचं. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरीवली जुळा बोगदा होतो आहे. जवळपास बारा किलोमीटर, सोळा हजार कोटींहून अधिक खर्च, तासाभराचा वळसा वाचणार. चांगली गोष्ट आहे, माझी ठाण्याची बहीण खूश आहे. पण बोगद्याचं आपल्याकडचं तोंड उघडणार मागाठाण्याला, द्रुतगती महामार्गापाशी. बारा किलोमीटर न थांबता आलेला पाय तिथे ब्रेकवर यायचा आहे. त्या ठिकाणी पायी जाणारा कुठून ओलांडणार, किती सेकंदांत, किती पायऱ्या चढून? हे आज कागदावर विचारता येतं. लेखी विचारा, उत्तर लेखी मागा, आणि तारीख घालून जपून ठेवा. पुढे तिथे काही झालंच, तर 'अकस्मात' लिहिणाऱ्याच्या टेबलावर ते ठेवता येईल.

वेळ संपत आली, मला चिठ्ठी आली आहे. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या त्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, आधी त्यांना माइक द्या.