चित्र काढणाऱ्याचंच राहावं

भोपाळहून नर्मदापुरमच्या दिशेने निघालं की बरकतउल्ला विद्यापीठ मागे पडतं, मग जाटखेडी लागते आणि पुढे मिसरोद. एके काळचं हे गाव आता शहराचं दक्षिण टोक झालं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गृहसंकुलं, शाळा, खासगी महाविद्यालयं, दवाखाने. जाटखेडीत ‘एकलव्य’ या शिक्षणसंस्थेचं कार्यालय आहे. या संस्थेचं ‘चकमक’ हे मुलांचं हिंदी मासिक १९८५ मध्ये सुरू झालं, भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाला वर्ष व्हायच्या आत. त्यातलं ‘मेरा पन्ना’ हे सदर मुलांचं स्वतःचं. चित्र, आणि त्याखाली मुलाचं नाव, वय किंवा इयत्ता, गाव. चित्राचा अर्थ उलगडून सांगणारी मोठ्यांची टिप्पणी तिथे नसते. झाडाचा रंग चुकला, माणसाचे हात लांब झाले, असं कुणी म्हणत नाही.

एकलव्य मानसोपचार करत नाही, तसा तिचा दावाही नाही. तरीही कला-उपचाराची आपल्याकडची आजची अवस्था तपासताना या पानापासून सुरुवात करावीशी वाटते. चित्र काढणाऱ्याचं आहे, बघणाऱ्याचं नाही, ही एक गोष्ट त्या पानाने सांभाळली. आज ‘आर्ट थेरपी’ नावाने आपल्या शहरांत जे चाललं आहे, त्यात नेमकी हीच गोष्ट सुटत चालली आहे, असं माझं मत आहे.

हे नाव तसं जुनं नाही. क्षयरोगातून बरा होत असलेला ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल याने सॅनिटोरियममध्ये स्वतःसाठी चित्रं काढली, मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना त्यात ओढलं आणि १९४२ मध्ये या कामाला ‘आर्ट थेरपी’ म्हटलं. त्याच वर्षांत तेरेझिनच्या नाझी छळछावणीत फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवत होती. मिळेल त्या कागदावर, कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांच्या मागच्या बाजूला मुलं चित्रं काढत. प्रत्येकाने चित्रावर आपलं नाव लिहावं, असा तिचा आग्रह असे. १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेलं गेलं, त्याआधी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्यांतली बहुतेक मुलं वाचली नाहीत. तिची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत या क्षेत्राच्या संस्थापकांपैकी एक झाली. म्हणजे या विद्येच्या मुळाशीच मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव आहे.

प्रत्यक्ष सत्रात काय घडतं, ते जरा जवळून पाहू. समजा, नऊ-दहा वर्षांची मुलगी आहे, घरात मृत्यू झाला आहे आणि ती शाळेत बोलेनाशी झाली आहे. तिच्यापुढे तीन मापांचे कागद, तेलखडू, पेन्सिल आणि शाडूचा गोळा ठेवला जातो. कोणता कागद घ्यायचा हे ती ठरवते. तिच्या आयुष्यात गेल्या काही महिन्यांत जे घडलं, त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. इथे निदान कागदाचं माप आहे. ती सगळ्यांत लहान कागद उचलते, कोपऱ्यात खडू दाबून दाबून एकाच जागी फिरवते. खडू मोडतो. कच्चा उपचारक इथे ‘हे काय काढलंस?’ असं विचारतो आणि मुलगी मिटून जाते. तयार उपचारक मोडलेल्या खडूचे तुकडे तिच्याकडे सरकवतो आणि फार तर म्हणतो, ‘इथे बराच जोर लागला.’ ती मान हलवते. पुढच्या खेपेला कदाचित मोठा कागद घेईल, कदाचित घेणार नाही. केव्हातरी ती त्या डागाकडे बोट दाखवून ‘हे माझ्या पोटात असतं’ असं म्हणेल. ज्या भावनेला नाव नव्हतं, तिला जागा मिळाली, आकार मिळाला, आणि ती अंगाबाहेर, टेबलावर आली. दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता एकत्र पाहता येईल अशी वस्तू मधे आहे, हा या पद्धतीचा सगळ्यांत मोठा गुण. जे सांगताना लाज वाटते, भीती वाटते, ते त्या वस्तूच्या आडून सांगता येतं.

यातलं काहीही घाईने होत नाही. आणि खडू बदलले, कागद महाग आणले म्हणून होत नाही. शेजारी बसलेलं माणूस तयार असावं लागतं.

भोपाळला अशा माणसांची गरज किती होती, याची नोंद आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा मध्य प्रदेशातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकातही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. फेब्रुवारी १९८५ पासून लखनौच्या पथकाने शहरातल्या दहा सरकारी दवाखान्यांत पाहणी केली. ८५५ रुग्णांपैकी १९३ जणांना, म्हणजे सुमारे २२.६ टक्क्यांना, मानसिक आजार आढळला. त्यांत पाचांतल्या चार स्त्रिया होत्या. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’चे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण आखलं, पुस्तिका तयार केली. देशातल्या आपत्ती-मानसोपचाराचा पाया तिथे घातला गेला. हे मोठं काम होतं. पण गोळी आणि सल्ला यांच्यापलीकडे, वर्षानुवर्षं चालणाऱ्या शोकासोबत बसण्याची व्यवस्था उभी राहिली नाही.

सरकारने ज्या ३६ वॉर्डांना वायुग्रस्त ठरवलं, त्यांत मिसरोद नव्हतं. आजच्या मिसरोदच्या सोसायट्यांतल्या अनेकांना वायुकांड हा जुन्या शहराचा इतिहास वाटत असेल. त्या जुन्या शहरात मात्र लोकांनी स्वतःच कलेचा आधार घेतला. कारखान्यासमोर आई आणि मुलाचं शिल्प उभं आहे, ते रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीचं. २०१४ मध्ये वायुपीडितांच्या पुढाकाराने ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय उघडलं. तिथे दगावलेल्या माणसांच्या साध्या वस्तू आहेत आणि मागे राहिलेल्यांचे आवाज आहेत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांनी त्यांना मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशांतून ‘चिंगारी ट्रस्ट’ उभा केला. पुढच्या पिढ्यांतल्या अपंग मुलांवर तिथे उपचार होतात. या सगळ्याला कुणी कला-उपचार म्हटलं नाही. पण दुःखाला वस्तूचं, आवाजाचं रूप देणं आणि ते इतरांनी ऐकणं, हे काम तिथे झालं आहे.

भोपाळकडे दुसरीही एक ठेव आहे. १९८२ मध्ये भारत भवन उभं राहिलं. जे. स्वामीनाथन यांनी तिथे आदिवासी कलावंतांना आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने जागा दिली. झाबुआकडचं पिठोरा हे भित्तिचित्र पाहा. घरात आजारपण आलं, काही अरिष्ट आलं की भिल्ल कुटुंब पिठोऱ्याचा नवस बोलतं. तो फेडताना लिखंदरा (पिठोरा काढणारा चित्रकार) भिंतीवर घोडे काढतो, बडवा (पुजारी) विधी करतो, गाव जमतं, रात्र जागवली जाते. भाबऱ्याचे पेमा फत्या हे असे नामांकित लिखंदरा. आपल्या हद्दीच्या इतक्या जवळ, चित्र आणि बरं होणं यांचं नातं लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. इथे रुग्ण एकटा बसून स्वतःला व्यक्त करत नाही, सगळं गाव त्याच्या दुखण्याला साक्षी राहतं. आपल्या प्रशिक्षणवर्गांत पाश्चात्त्य पुस्तकं पानापानाने शिकवली जातात. पिठोऱ्याचा उल्लेख झालाच तर तो सजावटीचा नमुना म्हणून. ही मला या क्षेत्राची मोठी उणीव वाटते.

पण उलट टोकाला जाऊन ‘आदिवासींना कलेमुळे दुःखच नसतं’ असलं गोड बोलणंही खोटं आहे. भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भुरीबाईंना स्वामीनाथन यांनी रंग दिले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या आयुष्याला चित्राने उभारी दिली, हे खरं. त्याच भारत भवनाने पाटणगढहून आणलेला जनगढ सिंह श्याम हा आपल्या काळातला असामान्य चित्रकार. भोपाळच्या विधानभवनावर त्याची चित्रं आहेत, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात तो होता. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून दूर, त्याने आयुष्य संपवलं. रोज चित्र काढणारा माणूसही एकटा पडू शकतो. ‘हातात ब्रश घ्या, मन मोकळं होईल’ असं सरसकट सांगणाऱ्या प्रत्येकाने जनगढचं नाव आठवावं.

महाराष्ट्रात कला-उपचाराचं चित्र काहीसं बरं आहे. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंगने कलाधारित उपचारांचं प्रशिक्षण रुजवलं. भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करताना कलाधारित पद्धती वापरल्या. तिथे घर, पाणी, नोकरी, नवऱ्याची मारहाण हे सगळं त्या कामाच्या कक्षेत आलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून उभं आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी तिथे जे घरपण आणलं, त्यात अवचटांच्या गाण्याचा, बासरीचा, कागदाच्या घड्यांचा वाटा होता. मुंबईत सेंट झेवियर्ससारख्या महाविद्यालयात अभिव्यक्ती-कला उपचारांचा पदविका अभ्यासक्रम आला. मात्र हे शिक्षण मुख्यतः इंग्रजीत चालतं. शिकून बाहेर पडणाऱ्याला बीडच्या किंवा भंडाऱ्याच्या बाईशी तिच्या बोलीत बसायचं असतं, त्याची तयारी त्यात कमी पडते.

पुराव्यांचं काय? इथे उत्साही मंडळी घाईने बोलतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा दाखला सगळे देतात. अमेरिकेत २०१६ मध्ये ३९ प्रौढांनी पाऊण तास चित्र-शिल्प केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, उतरलेलं दिसलं. हेही सांगितलं जातं. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेली ‘मॅटिस’ चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या कला-उपचाराच्या गटाने त्यांच्या लक्षणांत किंवा एकूण कामकाजात काही फरक पडला नाही. बरेच रुग्ण त्या गटांना फारसे फिरकलेही नाहीत. यावरून ही पद्धत निरुपयोगी ठरत नाही. पण ती गोळीला पर्याय नाही, गंभीर आजारात मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीनेच ती चालावी आणि ज्याला हवी त्यालाच ती द्यावी, एवढं नक्की ठरतं.

सगळ्यांत काळजी वाटते ती शाळांमधल्या वापराची. १९४८ मध्ये जॉन बक याने घर-झाड-माणूस ही चित्रचाचणी मांडली. तिची शास्त्रीय विश्वासार्हता कच्ची आहे, हे मानसशास्त्रात वारंवार दाखवून झालं आहे. तरी आज चार दिवसांची कार्यशाळा करून आलेली व्यक्ती मुलाच्या चित्रातला काळा रंग पाहून पालकांना ‘मूल नैराश्यात आहे’ असं सांगते. झाडाला मुळं नाहीत म्हणून घरात असुरक्षितता आहे, असं सांगते. पेटीत काळाच खडू शाबूत उरला असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. मुलाने विश्वासाने काढलेलं चित्र त्याच्याविरुद्धचा पुरावा होतं. मूल पुढच्या वेळी सूर्य, डोंगर आणि दोन नारळाची झाडं काढून देतं आणि सुटका करून घेतं. त्या चित्राने कुणाचंही काही बरं होत नाही.

ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पदवी कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यातल्या परिशिष्टात कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांचं नाव आलं, ही चांगली गोष्ट झाली. पण परिशिष्टातल्या नावाने गल्लीतली पाटी तपासली जात नाही. ते काम सध्या पालकांना आणि शाळांनाच करावं लागेल.

मिसरोदच्या, आणि तशाच पुण्या-नागपूरच्या नव्या वस्त्यांमधल्या शाळांना व पालकांना म्हणून माझी विनंती आहे. मुलाला अशा सत्राला पाठवण्याआधी चार गोष्टी स्पष्ट विचारा. तुमचं प्रशिक्षण किती काळ चाललं आणि कुणाच्या देखरेखीखाली तुम्ही काम केलंत? मुलाच्या घरच्या भाषेत तुम्ही बोलाल का? त्रास वाढला तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवाल? आणि चित्र शेवटी कुणाकडे राहील? चौथ्याचं उत्तर ‘मुलाकडे, किंवा त्याच्या परवानगीने कुलुपात’ असं आलं नाही, तर मुलाला तिथे पाठवू नका.